दंतमुळांची झीज आणि त्रिमितीय प्रतिमा : एक चिकित्सक परामर्श

प्रस्तावना

दुधाचा दात पडतो तेव्हा त्याला मूळ जवळजवळ उरलेलेच नसते. खालून येणाऱ्या कायमच्या दाताला वाट करून देण्यासाठी शरीरातील विशिष्ट पेशी ते मूळ हळूहळू विरघळवून टाकतात. बालवयात ही निसर्गाचीच योजना असते. हीच प्रक्रिया कायमच्या दाताच्या बाबतीत सुरू झाली तर मात्र ती हानी ठरते, कारण त्या दाताची जागा घेणारा दुसरा दात नसतो. दंतशास्त्रात या प्रक्रियेस मुळाचे अवशोषण असे म्हणतात. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी ‘मुळांची झीज’ हा सुबोध शब्दप्रयोग केला आहे. ही झीज घासल्याने होत नाही, पेशींच्या क्रियेने होते, एवढे ध्यानात ठेवावे.

वाकडे दात सरळ करण्यासाठी तारांनी दिलेला दाब, जबड्यात आडवा अडकलेला शेजारचा दात, अपघात, जंतुसंसर्ग अशी या झिजेची अनेक कारणे आहेत. तिचे एक वैशिष्ट्य असे की ती बहुधा दुखत नाही. रुग्णाला तिची जाणीव नसते आणि दंतवैद्याच्या आरशालाही ती दिसत नाही. क्ष-किरण प्रतिमा काढली तरच ती कळते. म्हणजेच या विकाराविषयीचे आपले सारे ज्ञान प्रतिमेच्या साधनावर अवलंबून आहे. साधन बदलले की विकाराचे प्रमाण बदलते, त्याची व्याख्याही बदलू लागते. त्यामुळे साधनाची चिकित्सा ही येथे ज्ञानाचीच चिकित्सा ठरते.

गेल्या दोन दशकांत ‘कोन बीम कम्प्युटेड टोमोग्राफी’ अर्थात सीबीसीटी हे त्रिमितीय प्रतिमेचे तंत्र दंतवैद्यकात रूढ झाले आहे. कोल्हापूर परिसरातील पालकांनाही मुलाच्या दातांना तारा लावण्यापूर्वी ‘थ्री-डी स्कॅन’ हा शब्द ऐकावयास मिळू लागला आहे. हा स्कॅन कोणत्या मुलाला आवश्यक आणि कोणाला अनावश्यक, या प्रश्नाचे उत्तर संशोधन-साहित्यात कितपत मिळते, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

मुळांच्या झिजेचा अभ्यास : पूर्वपीठिका

कायमच्या दातांच्या मुळांच्या झिजेची पहिली चर्चा बेट्स यांनी १८५६ मध्ये केल्याचे मानले जाते. त्या वेळी क्ष-किरणांचा शोधही लागलेला नव्हता. रॉंटगेन यांचा शोध १८९५ चा. दात सरळ करण्याच्या उपचारांशी या झिजेचा संबंध ओटोलेंगी यांनी १९१४ मध्ये जोडला. पुढे १९२७ व १९२९ मध्ये अमेरिकेतील केचम यांनी उपचार घेतलेल्या रुग्णांच्या क्ष-किरण प्रतिमा तपासून आपले निष्कर्ष मांडले. दात सुंदर करणारा उपचार दाताचे मूळ आखूड करू शकतो, या जाणिवेने त्या व्यवसायात अस्वस्थता निर्माण झाली. ती आजही पूर्णपणे शमलेली नाही.

१९८८ मध्ये लेव्हांडर व माल्मग्रेन यांनी झिजेची प्रतवारी रूढ केली. मुळाची कडा खडबडीत होणे ही पहिली प्रत, २ मिमीपेक्षा कमी झीज ही दुसरी, २ मिमीपासून मुळाच्या एक-तृतीयांशापर्यंत तिसरी आणि त्याहून अधिक झीज ही चौथी. उपचार सुरू झाल्यानंतर ६ ते ९ महिन्यांनी काढलेल्या प्रतिमेवरून पुढील धोक्याचा अंदाज बांधता येतो, हे त्यांचे निरीक्षण व्यवहारदृष्ट्या फार मोलाचे ठरले. त्याच परंपरेतील १९९४ च्या अभ्यासात, झीज आढळलेल्या दातांवरील दाब दोन-तीन महिने थांबविल्यास पुढील झीज कमी होते, असे दिसून आले. म्हणजे वेळीच कळणे उपयोगाचे आहे. मात्र हे सारे ज्ञान साध्या, लहान, सपाट फिल्मवर उभे राहिले होते, ही बाब पुढील विवेचनात महत्त्वाची ठरेल.

सपाट प्रतिमेच्या मर्यादा

सपाट प्रतिमेवर तीन मिती दोन मितींत दाबल्या जातात. मुळाच्या ओठाकडील आणि टाळूकडील बाजू एकमेकींवर पडतात. त्या बाजूंवरील खळगा निरोगी भागाच्या सावलीत लपून जातो. ही मर्यादा सर्वज्ञात आहे. तिच्याइतकीच महत्त्वाची, परंतु कमी चर्चिली जाणारी दुसरी मर्यादा अशी की सपाट प्रतिमा नसलेली झीजही दाखवू शकते. संपूर्ण जबड्याची जी लांबट प्रतिमा काढली जाते तिला ओपीजी म्हणतात. या यंत्रात जबड्याच्या कमानीचा एक ठराविक पट्टाच स्पष्ट उमटतो. दात कलला आणि मुळाचे टोक त्या पट्ट्याबाहेर गेले की ते पुसट होते व मूळ आखूड भासते.

येथे एक पद्धतिशास्त्रीय पेच निर्माण होतो. तारांच्या उपचारांचा हेतूच दातांचा कल बदलणे हा असतो. उपचारापूर्वीची आणि उपचारानंतरची ओपीजी शेजारी ठेवून मुळांची लांबी मोजली, तर त्या फरकात झीज किती आणि कल बदलल्याचा परिणाम किती, हे वेगळे करता येत नाही. केवळ ओपीजीवर आधारलेल्या जुन्या अभ्यासांतील टक्केवारी या कारणाने सावधपणे वाचली पाहिजे. त्रिमितीय तंत्राचे समर्थक येथवर जे सांगतात ते निःसंशय खरे आहे.

त्रिमितीय प्रतिमेने काय दाखविले?

सीबीसीटी यंत्रात शंकूच्या आकाराचा किरणझोत रुग्णाच्या डोक्याभोवती फिरतो. एका फेरीत शेकडो प्रतिमा टिपल्या जातात आणि संगणक त्यांतून घनाकार प्रतिमा रचतो. इटलीतील मोझ्झो व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अशा यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले. जपानमध्ये आराई यांचे कार्यही त्याच सुमाराचे. या प्रतिमेत मूळ कोणत्याही प्रतलात कापून पाहता येते, त्यामुळे दाताच्या कलाचा वर उल्लेखिलेला पेच बव्हंशी सुटतो.

जिनिव्हा येथील डुडिक व सहकाऱ्यांचा २००९ चा अभ्यास या विषयावर वारंवार उद्धृत केला जातो. उपचाराच्या अखेरीस आलेल्या २२ रुग्णांच्या २७५ दातांची ओपीजी आणि सीबीसीटी अशा दोन्ही पद्धतींनी त्यांनी तपासणी केली. ओपीजीवर ५६.५ टक्के दात झीजविरहित दिसले. सीबीसीटीवर केवळ ३१ टक्के. यावरून ‘ओपीजी झिजेचे प्रमाण कमी दाखविते’ असा निष्कर्ष काढला गेला आणि पुढे अनेक प्रबंधांच्या प्रस्तावनेत तो जसाच्या तसा उतरला.

हे आकडे प्रतवारीनुसार वाचले तर चित्र अधिक बोलके होते. सौम्य झीज ओपीजीवर ३३.५ टक्के व सीबीसीटीवर ४९ टक्के दातांत दिसली. मध्यम झीज अनुक्रमे ८ व १९ टक्के. तीव्र झीज मात्र २ व १ टक्का. म्हणजे नव्या साधनाने जी भर घातली ती प्रामुख्याने सौम्य आणि काही अंशी मध्यम झिजेची होती. ज्या तीव्र झिजेमुळे दाताच्या आयुष्याचा प्रश्न उभा राहतो, तिच्या प्रमाणात वाढ झाली नाही. या अभ्यासाच्या दोन मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. दात तोंडातच असल्याने खरी झीज किती हे ठरविणारा स्वतंत्र निकष उपलब्ध नव्हता. सीबीसीटीलाच सत्य मानून ओपीजीची परीक्षा घेतली गेली. शिवाय तपासणी उपचाराच्या अखेरची असल्याने, त्यापूर्वी मुळे कशी होती याची तुलना तीत नव्हती.

स्वीडनमधील लुंड व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ही दुसरी उणीव भरून काढली. त्यांनी १५२ रुग्णांची उपचाराच्या आरंभापासून अखेरपर्यंत सीबीसीटीद्वारे पाहणी केली. अखेरीस ९४ टक्के रुग्णांत किमान एक मूळ १ मिमीपेक्षा अधिक आखूड झालेले आढळले. ४ मिमीपेक्षा अधिक झीज झालेला किमान एक दात असणारे रुग्ण ६.६ टक्के होते. वरच्या पटाशीच्या दातांवर टाळूकडील बाजूने तिरकी झीज होते, जी सपाट प्रतिमेत दिसूच शकत नाही, हेही या अभ्यासाने दाखविले. अभ्यासाची रचना निश्चितच अधिक भक्कम आहे. परंतु त्याचा अर्थ कसा लावावयाचा? जी गोष्ट शंभरांपैकी चौऱ्याण्णव जणांत आढळते तिला विकार म्हणावे की उपचाराची सहचारी घटना? वैद्यकीय निर्णयाच्या दृष्टीने ९४ या आकड्यापेक्षा ६.६ हा आकडा अधिक महत्त्वाचा आहे. हे रुग्ण आधी ओळखता आले असते का, हा खरा प्रश्न आहे आणि सर्वांचे स्कॅन काढल्याने त्याचे उत्तर आपोआप मिळत नाही.

मूल्यमापनाच्या सहा पायऱ्या

निदान-साधनांच्या मूल्यमापनासाठी फ्रायबॅक व थॉर्नबरी यांनी १९९१ मध्ये सहा पायऱ्यांची एक चौकट मांडली. प्रतिमा तांत्रिकदृष्ट्या चांगली आहे का. निदान अचूक होते का. त्यामुळे वैद्याचा विचार बदलतो का. उपचार बदलतो का. रुग्णाचे हित होते का. आणि समाजाच्या दृष्टीने तो खर्च योग्य आहे का, अशा त्या पायऱ्या. मुळांच्या झिजेवरील त्रिमितीय संशोधन या चौकटीत ठेवून पाहिल्यास त्यातील बहुसंख्य लेखन पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबलेले दिसते. अधिक दिसते म्हणून अधिक हित होते, हे त्यात बहुधा गृहीत धरलेले असते, सिद्ध केलेले नसते. या विषयातील साहित्याचा हा मध्यवर्ती दोष होय.

पहिल्या पायरीवरही दावे अतिरंजित होऊ शकतात. घनाकार प्रतिमा ज्या सूक्ष्म घनांची बनते त्यांची बाजू यंत्र व निवडलेली पद्धत यांनुसार साधारण ०.०७५ ते ०.४ मिमी असते. प्रत्यक्षात ओळखू येणारा तपशील यापेक्षाही ठोकळ असतो. रुग्ण किंचित हलणे, दातांवरील धातूच्या पट्ट्यांमुळे उमटणारे पट्टे, पाहणाऱ्याची सवय यांची त्यात भर पडते. तरीही काही प्रबंधांत मुळांच्या लांबीतील फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत नोंदविला जातो. संगणकाच्या पडद्यावर दोन दशांश स्थळे दिसतात म्हणून मोजमाप तेवढे अचूक होत नाही. निरोगी मुळाभोवतीच्या तंतूंची जागा सुमारे ०.२ मिमी रुंद असते. दोन दात अगदी लगत आले असता ती पुसली जाते आणि तेथे केवळ स्पर्श आहे की झीज सुरू झाली आहे, हे सांगणे अवघड होते. अर्थात त्रिमितीय प्रतिमाही नसलेली झीज दाखवू शकते.

अडकलेला सुळा : जेथे निर्णय बदलतो

उपरोक्त विवेचनावरून त्रिमितीय प्रतिमा निरुपयोगी आहे असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. चौकटीच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत ती निश्चितपणे पोहोचते असे एक क्षेत्र आहे. वरचा सुळा साधारणतः अकरा-बाराव्या वर्षी उगवतो. काही मुलांत तो वाट चुकतो, टाळूच्या बाजूने आडवा सरकतो आणि शेजारच्या पटाशीच्या दाताच्या मुळावर टेकतो. एरिक्सन व कुरोल या स्वीडिश संशोधकांनी २००० मध्ये १०७ मुलांतील वाट चुकलेल्या १५६ सुळ्यांचा त्रिमितीय (त्या वेळी नेहमीच्या सीटी यंत्राने) अभ्यास केला. या सुळ्यांशेजारील बाजूच्या पटाशीच्या दातांपैकी ३८ टक्के आणि मधल्या दातांपैकी ९ टक्के दातांच्या मुळांची झीज झालेली आढळली. सपाट फिल्मवर आधारलेल्या पूर्वीच्या अंदाजापेक्षा हे प्रमाण बरेच मोठे होते.

येथे प्रतिमेवर निर्णय अवलंबून असतो. सुळा कोणत्या दिशेने ओढावयाचा, शस्त्रक्रिया ओठाकडून करावयाची की टाळूकडून, जागा करण्यासाठी दात काढावयाचा झाल्यास निरोगी उपदाढ काढावयाची की आधीच झिजलेला पटाशीचा दात, या प्रश्नांची उत्तरे मूळ कोठे व किती झिजले आहे यावर ठरतात. बारा वर्षांच्या मुलीचा समोरचा दात येथे पणाला लागलेला असतो. चुकीच्या दिशेने दिलेली ओढ उरलेले मूळही संपवू शकते. त्याच वेळी, झीज दिसली म्हणून घाईने तो दात काढणे हीदेखील चूक ठरू शकते. सुळा दूर नेल्यावर झीज थांबते आणि बरेच झिजलेले दातही दीर्घकाळ टिकतात, असे बेकर व चाऊशू यांच्या २००५ च्या अभ्यासातून दिसून आले आहे.

परंतु स्कॅनची वेळ येण्यापूर्वीची पायरी विसरता कामा नये. दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या वरच्या हिरडीवरून, दुधाच्या सुळ्याच्या वरच्या भागात बोट फिरविले असता येणाऱ्या सुळ्याचा उंचवटा हाताला लागतो. तो एका बाजूस लागला आणि दुसऱ्या बाजूस लागला नाही, तर शंका घेण्यास जागा असते. अशा वेळी दुधाचा सुळा वेळीच काढल्यास टाळूकडे वळलेल्या सुळ्यांपैकी ७८ टक्के सुळे मार्गावर आले, असे एरिक्सन व कुरोल यांनी १९८८ मध्ये नोंदविले. त्या अभ्यासात तुलनेसाठी उपचार न केलेला गट नव्हता. नंतरच्या नियंत्रित चाचण्यांत लाभ टिकून राहिला, तरी तो इतका ठळक राहिला नाही. तथापि बोटाने होणारी ही तपासणी बिनखर्चाची आहे आणि तीत किरणांचा संबंध नाही.

किरणमात्रा आणि समर्थनाचा प्रश्न

युरोपीय आयोगाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत निरनिराळ्या तपासण्यांच्या किरणमात्रा संकलित केल्या आहेत. ओपीजीची मात्रा सुमारे २.७ ते २४.३ मायक्रोसिव्हर्ट आहे. सीबीसीटीची मात्रा जबड्याच्या मर्यादित भागासाठी ११ ते ६७४ आणि संपूर्ण चेहऱ्यासाठी ३० ते १०७३ मायक्रोसिव्हर्ट इतकी पसरलेली आहे. निसर्गतः माणसाला वर्षभरात मिळणारी मात्रा जगात सरासरी २४०० मायक्रोसिव्हर्ट असते, हे लक्षात घेता घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र या आकड्यांतील अंतर विचार करण्यासारखे आहे. ‘सीबीसीटी’ हे एकाच तपासणीचे नाव नाही. यंत्र, क्षेत्र व पद्धत यांनुसार मात्रा अनेक पटींनी बदलते. त्यामुळे चिठ्ठीवर केवळ ‘सीबीसीटी’ असे लिहिणे अपुरे आहे. कोणता दात, किती क्षेत्र आणि कोणत्या प्रश्नासाठी, हे त्या चिठ्ठीवर असावयास हवे. तारांचे उपचार प्रायः वाढत्या वयात होतात आणि मुलांच्या पेशी किरणांना अधिक संवेदनशील असतात, म्हणून हा आग्रह अधिकच योग्य ठरतो.

युरोपीय तत्त्वे आणि अमेरिकेतील मुख-किरणशास्त्र अकादमीच्या २०१३ च्या शिफारशी यांचा सूर एकच आहे: प्रत्येक रुग्णाचा स्वतंत्र विचार करावा, सरसकट स्कॅन करू नये. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळ अशा यंत्रांचे नियमन करते. यंत्र सुरक्षित आहे की नाही, हे कायदा पाहू शकतो. या मुलाला या स्कॅनची गरज आहे की नाही, हे मात्र चिठ्ठी लिहिणाऱ्या दंतवैद्यालाच ठरवावे लागते.

कोल्हापूर परिसराच्या संदर्भात

कोल्हापूर जिल्ह्यात नवे पारगाव येथे तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे. शेजारी सांगली, कराड आणि बेळगाव येथेही दंतशिक्षणाची केंद्रे आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध हा या पट्ट्यातील संशोधनाचा मोठा स्रोत होय. या प्रबंधांनी ‘ओपीजी श्रेष्ठ की सीबीसीटी श्रेष्ठ’ हा बहुतांशी निकालात निघालेला प्रश्न पुन्हा सोडविण्यात शक्ती खर्च करू नये, असे सुचवावेसे वाटते. त्याऐवजी एक साधी रचना स्वीकारता येईल. अडकलेल्या सुळ्याच्या प्रत्येक रुग्णात सपाट प्रतिमा व मुखतपासणी यांवरून उपचारांचा आराखडा लिहून ठेवावा. नंतर, रुग्णाच्या गरजेसाठीच काढलेला स्कॅन पाहून तो पुन्हा लिहावा. किती रुग्णांत आराखडा बदलला आणि कोणत्या चिन्हांवरून तो बदल आधीच ओळखता आला असता, याची नोंद व्हावी. अशा संशोधनासाठी एकाही मुलाला जादा किरण द्यावे लागत नाहीत आणि ते चौकटीच्या तिसऱ्या व चौथ्या पायरीवर पोहोचते.

दुसरा मुद्दा अंतराचा आहे. राजारामपुरी किंवा शाहूपुरीत राहणाऱ्या मुलाला दंतवैद्य हाकेच्या अंतरावर मिळतो. गगनबावडा, राधानगरी वा चंदगड तालुक्यांतील वाडीवरच्या मुलासाठी शहरातील तपासणी म्हणजे पालकांचा बुडालेला रोजगार आणि एसटीचा दिवसभराचा प्रवास. त्याच्या दृष्टीने स्कॅन अनावश्यक काढला जाण्यापेक्षा त्याचा सुळा अडकला आहे हे कोणालाच वेळेवर न कळणे, हा मोठा धोका आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत शाळांतील मुलांची आरोग्य तपासणी होते व तीत दंतविकारांचा समावेश आहे. पाचवी-सहावीच्या मुलांच्या तपासणीत सुळ्याच्या उंचवट्याची बोटाने पाहणी अंतर्भूत केल्यास, खरोखर ज्यांना स्कॅन हवा तीच मुले शहरापर्यंत पोहोचतील.

तिसरा मुद्दा भाषेचा. तारांच्या उपचाराने मुळे थोडी आखूड होऊ शकतात, क्वचित बरीच होतात, हे पालकांना उपचारापूर्वी मराठीत, समजेल अशा शब्दांत सांगितले जावे. बहुसंख्य रुग्णांत जी घटना घडते ती अखेरीस ‘स्कॅनमध्ये आढळली’ म्हणून प्रथमच कळली, तर पालकांचा विश्वास उडतो आणि दंतवैद्यही विनाकारण दोषी ठरतो.

समारोप

त्रिमितीय प्रतिमेने मुळांच्या झिजेविषयीचे आपले अज्ञान कमी केले, हे मान्य केलेच पाहिजे. सपाट प्रतिमा काय लपविते आणि काय नसलेले दाखविते, हेही तिच्यामुळेच उलगडले. तथापि अधिक दिसणे आणि अधिक हित होणे यांतील अंतर संशोधनाने अद्याप पुरेसे कापलेले नाही. वाट चुकलेल्या सुळ्याच्या संदर्भात मर्यादित क्षेत्राचा स्कॅन समर्थनीय ठरतो, कारण तेथे उपचाराची दिशा त्यावर ठरते. तारांच्या सर्वसाधारण उपचारात मात्र सहा ते नऊ महिन्यांनी काढलेली लहान फिल्म आणि आवश्यक तेव्हा दाबाला दिलेली विश्रांती हाच आजही विवेकी मार्ग दिसतो. ‘या प्रतिमेने माझा निर्णय बदलेल काय?’ हा प्रश्न दंतवैद्याने चिठ्ठी लिहिण्यापूर्वी स्वतःला विचारावा, आणि संशोधकाने आपल्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर लिहावा.